कंटेनरमधला नारळ

"अहो, नारळ आहे तो. बॉम्ब नाही."

साहेब केबिनमध्ये फोनवर बोलत होते. दार बंद होतं, पण आमच्या ऑफिसातलं पार्टिशन प्लायवूडचं आहे आणि माझं टेबल त्याला चिकटून आहे. सात-आठ महिने मी त्या टेबलाशी बसून सगळं ऐकत आले होते आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत आले होते. त्या सकाळी मात्र माझी बोटं कीबोर्डवरच थांबली. पलीकडे आमचा माल बोटीवर चढवून देणारा एजंट होता. तो बराच वेळ बोलत असावा, कारण साहेब नुसते "हां, हां" करत होते. शेवटी म्हणाले, "कुणी ठेवला ते मी शोधतो ना. तुम्ही त्यांना एवढंच सांगा, आमच्याकडे सगळं सिस्टिमने चालतं."

सिस्टिम म्हणजे मी होते.

मुलुंडला, एल.बी.एस. रोडपासून थोडं आत, जुन्या गाळ्यांची एक वसाहत आहे. त्यातले दोन गाळे आमच्या साहेबांचे. स्टीलचे मसाल्याचे डबे बनतात. आत सात वाट्या, वर काचेचं झाकण. अमेरिकेतली एक कंपनी ते घेते आणि तिथल्या दुकानांना विकते. साहेबांनी वीस वर्षं या गाळ्यांत साधी पातेली आणि डबे काढले होते, ते इथल्याच बाजारात जायचे. काचेच्या झाकणाने त्यांचं नशीब उघडलं, असं ते स्वतःच सांगायचे.

पण माल घ्यायच्या आधी त्या कंपनीने एक जाडजूड पुस्तिका पाठवली. माल सीमेपलीकडे पाठवणाऱ्याने काय काय सांभाळायला हवं त्याची. गेटवर कोण येतं-जातं त्याची नोंद. कामगारांची ओळखपत्रं, पत्त्याची खात्री. कॅमेरे. कुंपण. माल भरायच्या जागी परक्या माणसाला बंदी. आणि वर्षातून एकदा सगळ्यांना प्रशिक्षण. साहेबांनी दोन पानं वाचली आणि जाहिरात दिली. माझ्या मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "इंग्रजी लिहायला येतं ना, चांगलं?" मी मान हलवली. मला तो प्रश्न फार आवडला, कारण त्यात बोलायचं काही नव्हतं.

मी लहानपणापासून इंग्रजी शाळेत गेले. घरी मराठी बोलतो, पण घरचं मराठी घरापुरतं. बाहेर, त्यातून कामाच्या जागी, दहा माणसं बघत असताना, मला नेमका शब्द सापडत नाही आणि मग मी गप्प बसते. लोकांना वाटतं शिष्ट आहे. कागदावर माझं असं होत नाही. त्या पुस्तिकेतल्या प्रत्येक कलमासाठी मी एक नियम लिहिला, एक तक्ता बनवला, एक रजिस्टर सुरू केलं. चहा आणणाऱ्या अण्णांच्या गळ्यात "व्हिजिटर" लिहिलेलं कार्ड आलं. पहिल्या दिवशी ते कार्ड उलटसुलट बघून म्हणाले, "बारा साल से आ रहा हूँ, आज मेहमान हो गया." सगळे हसले. मीही हसले, पण कार्ड काढू दिलं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं कलम कंटेनरचं होतं. रिकामा कंटेनर आला की माल भरायच्या आधी त्याची सात जागी तपासणी करायची. समोरची भिंत, डावी, उजवी, जमीन, छत, दारं, आणि बाहेरून खालची बाजू. आत जायचं, भिंतींवर ठोकून बघायचं, आवाज सगळीकडे सारखा येतो का ऐकायचं. मागे खोटी भिंत उभारून कुणी काही लपवलं असेल तर आवाज बदलतो. मग रिकाम्या कंटेनरचा फोटो काढायचा. माल भरून झाला की दाराला सील. हे सील म्हणजे बोटाएवढा जाड लोखंडी बोल्ट असतो. एकदा कट्‌कन बसला की कापल्याशिवाय निघत नाही. त्याचा नंबर फॉर्मवर लिहायचा आणि खाली तपासणाऱ्याची सही. तपासणारी म्हणून पुस्तिकेच्या उत्तरात माझं पद लिहिलेलं होतं. ते मीच लिहिलं होतं.

आता मी ते कसं करत होते ते सांगते. कंटेनर येणार त्या दिवशी सकाळी आले की आधी मी फॉर्म भरून टाकायचे. सातही चौकोनांत बरोबरची खूण. वेळ साडेअकरा. गाडी केव्हाही येवो, फॉर्मवर साडेअकरा. फक्त सीलच्या नंबरची जागा कोरी ठेवायची. गाडी लागली की मी खाली जायचे. कंटेनरचं तोंड माझ्या छातीच्या उंचीवर असतं. वर चढायला भरणारे लोक एक प्लास्टिकचा क्रेट ठेवतात आणि उडी मारून जातात. सात-आठ पुरुष, बनियनवर. मी आले की त्यांचं बोलणं थांबायचं आणि ते बाजूला व्हायचे, वाट करून द्यायचे. त्या शांततेत क्रेटवर पाय ठेवून, कुर्ता सावरत, त्या लोखंडी अंधारात चढायचं आणि भिंती ठोकायच्या, हे मला एकदाही जमलं नाही. मी खालूनच मोबाइल उंच धरायचे, एक फोटो घ्यायचे आणि वर निघून यायचे. मनाशी म्हणायचे, मुलुंडच्या गल्लीत कोण खोटी भिंत बांधणार आहे.

भरणाऱ्या लोकांचे मुकादम म्हणजे काका. गाळ्यात सगळेच त्यांना काका म्हणतात, साहेबसुद्धा. सावंतवाडीकडचे. त्यांचे वडील गिरणीत होते, ती बंद पडल्यावर काका या गाळ्यात आले, तेव्हा इथे पत्रा दाबून आकार देणारा एकच प्रेस होता. पॅकिंग आणि माल भरणं त्यांच्या हातात. कंटेनरच्या जमिनीला ओल दिसली तर गाडी परत पाठवतील इतके कडक. माझ्याशी मात्र हळू बोलायचे. मी त्यांच्याकडे एखादा इंग्रजी कागद सहीला नेला की खिशातला चष्मा न काढताच विचारायचे, "तू वाचलंस मा?" मी हो म्हटलं की सही.

काकांची एक रीत होती. कंटेनर निघायच्या आधी मागच्या चाकाशी नारळ फोडायचा. पाणी चाकावर, खोबऱ्याचा तुकडा ड्रायव्हरला, मग सगळ्यांना. मलाही वर टेबलावर कागदात गुंडाळलेला तुकडा यायचा. उन्हाळ्यात खरेदीदारातर्फे एक तपासनीस गाळा बघून गेला. त्याने अहवालात लिहिलं की माल भरायच्या जागी खाद्यपदार्थांचे अवशेष पडलेले दिसले, ते नसावेत. करवंटीचा फोटो जोडला होता. मी खाली गेले आणि मला जमेल तेवढ्या कमी शब्दांत म्हणाले, "काका, इथे बाहेर नारळ फोडायचा नाही. ऑडिटवाले फोटो काढतात."

"बरा बाय," काका म्हणाले. "हय फोडूचंय नाय."

झालं. मी वर येऊन अहवालाला उत्तर लिहिलं: सूचना अमलात आणली आहे.

त्यानंतरच्या पहिल्याच कंटेनरची ही गोष्ट. साहेबांचा फोन संपला आणि त्यांनी मला आत बोलावलं. स्क्रीन माझ्याकडे वळवली. पांढऱ्या टेबलावर एक नारळ, शेंडीसकट. बाजूला मोजपट्टी. निळा हातमोजा घातलेला एक हात तो कलता धरून होता. नारळाला कुंकू होतं, काळपट पडलेलं. आणि डोळ्यातून बोटभर लांब, हिरवा, ताजा कोंब आला होता.

खालचं पत्र मी वाचलं. सील शाबूत होतं. पण तिथल्या बंदरात शेती खात्याच्या लोकांनी कंटेनर अडवला होता. कागदांत नसलेली वस्तू, त्यातून जिवंत रोप. सगळा माल तिथेच थांबवला होता. खरेदीदाराने आमच्या पुढच्या दोन ऑर्डरी रोखल्या होत्या आणि तीन दिवसांत लेखी उत्तर मागितलं होतं. वस्तू कुणी ठेवली? कोणत्या टप्प्यावर? तपासणीत ती का सापडली नाही? उत्तर पटलं नाही तर पुरवठादारांच्या यादीतून नाव काढू.

"काकांना बोलाव," साहेब म्हणाले.

काका आले, फोटो बघितला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. "कोंब इलो!" ते म्हणाले. "बघ गे बाय, दर्यातसून जावन कोंब इलो त्येका!" कलशावरच्या नारळाला कोंब आला की घरात भरभराट होते म्हणतात. काका आमच्या सगळ्यांच्या वतीने खूश झाले होते.

"काका, माल अडकलाय त्याच्यामुळे," साहेब म्हणाले. "आत कशाला ठेवलात?"

काका गोंधळले. माझ्याकडे वळले. "हिनाच सांगितल्यान मा, भायर फोडू नको. म्हणान नाय फोडलंय. आत कोपऱ्यात ठेवलंय, अख्खो. इतक्या लांब जाता, रिकाम्या हातान कसो धाडूचो?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते कपाळ चोळत होते. मला वाटलं आता मी काहीतरी बोलेन. मी स्क्रीन परत साहेबांकडे वळवली.

काका खाली गेले. दुपारपर्यंत सगळ्या गाळ्याला कळलं. जेवणाच्या सुट्टीत मी पॅकिंगच्या बायकांजवळ बसते, कोपऱ्यात. तिथे डब्यांना कागद लावणाऱ्या मावशी आहेत, जालन्याकडच्या, घाटकोपरहून येतात. त्या कुणालाच सोडत नाहीत. त्यांनी भाकरी मोडत जाहीर केलं, "चला, या वेळेला आमच्यावर तर येणार नाही. आमच्यात नारळ ठेवतच नाहीत."

दुसरी बाई म्हणाली, "मावशे, गप की. काकांचं काय होईल?"

"काय होईल? साहेबाला कागदात लिहायला एक माणूस पाहिजे. ज्याला तो कागद वाचता येत नाही, त्याचंच नाव लिहितात." मग माझ्या डब्याकडे बघून, "तू का जेवंना गं? भेंडी बरी दिसतीय."

संध्याकाळी साहेबांनी मला पत्र सांगितलं. ते खुर्चीत बसले नव्हते, खिडकीशी उभे होते. पत्र असं: आमच्या तपासणी करणाऱ्या व्यक्तीने नियमाप्रमाणे कंटेनर आत जाऊन तपासला, तो रिकामा होता. त्यानंतर माल भरताना पॅकिंग मुकादमाने, लेखी नियम आणि प्रशिक्षण असूनही, व्यवस्थापनाला न सांगता ती वस्तू आत ठेवली. त्याला सेवेतून दूर केलं आहे. खाली मुकादमाचा कबुलीजबाब आणि सही.

"कागदावरच ना, सर?" मी विचारलं.

"कागदावर कसं चालेल? ते परत बघायला येणारेत. हजेरी, कार्ड, सगळं बघतात. तुलाच माहीत आहे." खिडकीतून खाली बघत ते म्हणाले, "मला बरं वाटतंय का बेटा? मी लग्न केलं तेव्हापासून तो माणूस माझ्याकडे आहे. पण तीस घरं चालतात इथे. यादीतून नाव गेलं की दुसराही कोणी घेणार नाही आपल्याला." मग त्यांनी टेबलावरून माझा फॉर्म उचलला. "तुझी तपासणी तर व्यवस्थित आहे ना? खूण आहे, वेळ आहे, फोटो आहे. त्याच्यावरच आपण उभे आहोत आता."

मी म्हणाले, "हो."

मी पत्र लिहिलं. ते मला चांगलं जमलं, हे लिहायला लाज वाटते. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. 'दूर केलं' साठी मी असा शब्द निवडला की वाचणाऱ्याला टोचणार नाही. त्या पत्रात काका कुठेच नव्हते, एक पद होतं आणि एक चूक होती.

घरी मी फोटो उघडला. रिकाम्या कंटेनरचा, मीच काढलेला, खालून मोबाइल उंच धरून. तोपर्यंत तो मी नीट बघितलेलाच नव्हता. फोटो जोडायचा असतो, बघायचा नसतो, अशी माझी सवय. मी तो मोठा करत गेले. अगदी आत, डाव्या कोपऱ्यात, जिथे जमीन आणि भिंत मिळते, तिथे अंधारात एक गोल होता. त्यावर लाल ठिपका. म्हणजे मी खाली उभी होते तेव्हा नारळ आत होता. आणि माल भरताना ठेवला हे आम्ही लिहिलेलं माझ्याच फोटोने खोटं ठरत होतं. तिथे कुणी तो इतका मोठा करून बघणार नाही हेही मला माहीत होतं. मी स्वतः आत्तापर्यंत कुठे बघितला होता?

आई भाजी निवडत बसली होती. तिने विचारलं, काय झालं. मी म्हणाले, ऑफिसचं. ती म्हणाली, "हल्ली तू घरीपण मेल लिहिल्यासारखी उत्तरं देतेस." मी तिच्याशेजारी बसून मेथी निवडू लागले, पण कितीतरी चांगली पानं मी देठांच्या ढिगात टाकत होते. तिने माझ्या हातातून जुडी काढून घेतली.

इतके दिवस मला ती पुस्तिका दूरच्या, भित्र्या लोकांनी लिहिलेली वाटायची. कंटेनरच्या भिंतीवर ठोका म्हणे. आता मला दिसत होतं की काकांनी सगळ्यांच्या देखत, हात जोडून, एक वस्तू आत ठेवली, आणि ती समुद्र ओलांडून गेली, आणि एकाही कागदाला पत्ता लागला नाही. नारळ होता म्हणून. दुसरं काही असतं तर तेही असंच गेलं असतं, माझ्या सातही खुणांसकट. नियम खुळा नव्हता. तो पाळायला एक माणूस ठेवलं होतं आणि ते माणूस क्रेटवर चढायला लाजत होतं.

मग स्वतःला समजावलंही. खरं सांगितलं तर यादीतून नाव नक्की जाईल. तपासणीच खोटी म्हटल्यावर कोण विश्वास ठेवेल? काकांचं एक घर, आमची तीस. साहेबांचं गणित मी माझंच असल्यासारखं कितीदा केलं. प्रत्येक वेळी त्यात एक गोष्ट उरायची. जाणारा माणूस आम्ही निवडला होता, कारण त्याला कागद वाचता येत नव्हता. मावशी ते भाकरी मोडता मोडता बोलून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. साहेबांनी बोलावलंय म्हटल्यावर त्यांना वाटलं असावं की परदेशातलं कोणी बघायला येणार आहे. साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. साहेबांनी पत्र पुढे सरकवलं, वर पेन ठेवलं.

"काका, चूक झाली ती आपण मान्य केली, असं आहे यात. त्यांना पाठवायचंय. बाकीचं आपण नंतर बोलू."

"हां, चूक झाली," काका म्हणाले. "मला ठाऊक असतं तर ठेवला नसता. त्यांना लिहा, परत नाही होणार."

"ते लिहिलंय."

ते लिहिलेलं नव्हतं. मी दाराशी उभी होते, हातात स्कॅन करायची फाइल. साहेबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने नाही. विनंती केल्यासारखं. बाहेर प्रेसचा आवाज चालू होता आणि मला वाटलं तो बंद झाला तर बरं, किंवा जास्त मोठा झाला तर बरं.

काकांनी पेन उचललं. कागदावर वाकले, सहीची जागा बोटाने शोधली. मग मान वर करून माझ्याकडे वळले.

"तू वाचलंस मा?"

"मीच लिहिलंय, काका," मी म्हणाले. "सही करू नका. यात लिहिलंय की मी कंटेनरमध्ये जाऊन तपासलं, तो रिकामा होता, आणि तुम्ही नंतर कुणाला न सांगता नारळ ठेवलात, म्हणून तुम्हाला कामावरून काढलंय. ते खोटं आहे. मी आत गेलेच नव्हते. फॉर्म मी सकाळीच टेबलावर बसून भरला होता. सर, मी एकाही कंटेनरच्या आत कधी गेलेली नाही."